घेऊ नये

सकाळी साडेदहा वाजता तनुजाबाई काळमेघ लाल वाइन तोंडात घेत आणि थुंकून टाकत. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या शेजाऱ्यांना यातला पहिला अर्धा भाग जरी कळला असता, तरी दुसरा अर्धा ऐकायला कुणी थांबलं नसतं. म्हणून कुणी विचारलं की त्या ‘फूड कंपनीत क्वालिटीला आहे’ एवढंच सांगत, आणि ते तसं खोटंही नव्हतं. बाणेर रस्त्यावरच्या ‘ग्रेप स्टोरी’ या दुकानात येणारी प्रत्येक लाल वाइन चाखायची, तिचा वास कसा, चव कशी, ती कशाबरोबर घ्यावी हे गिऱ्हाइकाला कळेल अशा चार ओळींत लिहायचं आणि ती चिठ्ठी दोऱ्याने बाटलीच्या गळ्यात अडकवायची, ही त्यांची नोकरी.

ऐकायला मजेची वाटते. ज्यांना वाटते त्यांनी महिनाभर करून बघावी. चाखायच्या आधी चहा नाही, लवंग-वेलदोडा नाही, नुसतं कोमट पाणी आणि मूठभर चुरमुरे. पेल्यात बोटभर वाइन घ्यायची, खिडकीशी धरून रंग बघायचा, नाक घालायचं, मग घोट जिभेवर घोळवून निळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत टाकायचा. असं सात-आठ बाटल्यांचं झालं की दुपारच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीची चवही लागत नसे. झाडू-पोछा करणाऱ्या मथुराबाई ती बादली रोज हात लांब करून मोरीत ओतत आणि चांगल्या घरच्या बाईवर काय वेळ आली, अशा नजरेने तनुजाबाईंकडे बघत.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार सहा साली, त्या इथे लागल्या. त्याआधी पंधरा वर्षं भोसरीच्या एका सरबत-जॅमच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. वर्ध्याहून लग्न होऊन पुण्यात आलेली बी.एस्सी. झालेली मुलगी, जिभेला तिखट आणि जिभेने पक्की. प्रत्येक घाण्यातला चमचाभर माल चाखून रजिस्टरात ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहायचं, खाली सही करायची. त्या नापास लिहीत आणि मॅनेजर त्याच्या शेजारी ‘चालेल’ असं लिहून माल गाडीत चढवत. एकदा लिंबाच्या सरबताला भांड्याचा वास लागला होता. बाईंनी नापास केलं, मॅनेजरनी चालवलं आणि महिन्याभरात अख्खी गाडी नागपूरहून परत आली. तेव्हा मॅनेजर चहा ढवळत म्हणाले होते, मॅडम, तुम्ही लिहिलं होतं खरं. त्या वाक्याचा बाईंना जो संताप आला तो कारखाना गेला तरी गेला नाही. कारखाना पुढे एका परदेशी कंपनीने घेतला, नाव तेवढं ठेवलं आणि भट्ट्या बंद केल्या. बाईंनी चार-पाच वर्षं शिकवण्या केल्या. पण मनात एकच होतं, आपण नापास केलेला माल एकदा, निदान एकदा तरी, दाराबाहेर जाऊ नये.

दुकान विक्रमचं. बाणेर महापालिकेत आलं, शेतात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या एका इमारतीखालची जमीन विक्रमच्या वडिलांची, दत्तोबांची होती. वडिलांनी उरलेल्या तुकड्यात कांदे लावले, मुलाने रस्त्याकडेला दुकान काढलं. समोरच्या कंपनीतली पोरं परदेशात जाऊन येतात, त्यांना वाइन लागणार, हा विक्रमचा हिशेब. पोरगा वाईट नव्हता. तो बाईंना मॅडम म्हणे, त्यांच्यासाठी वेगळं टेबल आणि वॉशबेसिन त्याने करून दिलं. मात्र बाई काय लिहितात ते त्याने कधी वाचलं नाही. चिठ्ठ्यांनी बाटली छान दिसते, एवढं त्याला पुरे होतं.

गिऱ्हाइकं त्याच्यापेक्षा वरचढ. एक येई तो विचारी, यातली जास्त चढते कुठली. दुसऱ्याला हृदयाला चांगली हवी असे. एका बाईंना सोफ्याच्या कव्हरांशी जुळणारा रंग हवा होता, त्यांनी कव्हराचा तुकडाच पर्समधून काढला. तनुजाबाई प्रत्येकाला समजावत. ही जरा तुरट आहे, मटणाबरोबर घ्या. ही हलकी आहे, नुसत्या चीजबरोबर चालेल. समोरचा मान डोलावे आणि ज्या बाटलीवर किल्ल्याचं चित्र आहे ती उचलून चालू लागे. वाइन कंपन्यांकडून छापील इंग्रजी कार्डं येत, त्यांत ब्लॅकबेरी आणि देवदाराचं लाकूड असे. बाईंनी ब्लॅकबेरी जन्मात पाहिली नव्हती, म्हणून ती कार्डं त्या फेकून देत आणि स्वतःच्या मराठीत लिहीत. दोन वर्षांत त्यांनी हजारएक चिठ्ठ्या लिहिल्या असतील. त्या वाचून बाटली घेणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि तीही सगळी बोटं लागली नसती.

अपवाद आप्पासाहेबांचा. पंचाहत्तरीला टेकलेले, सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलाच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. डॉक्टरांनी रात्री औंसभर घ्यायला सांगितली आहे, असं ते पहिल्याच दिवशी कुणी न विचारता म्हणाले होते. महिन्यातून एकदा कापडी पिशवी घेऊन येत, चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठ्या वाचत आणि एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून नेत. वर्षभरानंतर एकदा पिशवी काखेत मारून ते म्हणाले, “तुमच्या चिठ्ठीत जेवढं लिहिलेलं असतं तेवढंच बाटलीत निघतं. हल्ली असं कुठे होत नाही.” एवढं बोलून निघून गेले. बाई त्या दिवशी घरी जाताना स्कूटरवर एकट्याच हसत होत्या. सोळा-सतरा वर्षांच्या चाखण्यात त्यांना मिळालेली ही पहिली पावती.

त्या वर्षी होळीच्या सुमारास विक्रमने नाशिककडच्या एका कंपनीकडून शिराझ जातीच्या द्राक्षांच्या लाल वाइनचे चाळीस खोके एकदम उचलले. बाईंनी नमुन्याची बाटली चाखली आणि खूश झाल्या. पिकलेलं जांभूळ, काळी मिरी, शेवटी जिभेवर किंचित लवंग. इतकी नेटकी वाइन त्यांनी या दुकानात पाहिली नव्हती. चिठ्ठीही मन लावून लिहिली आणि टेबलाच्या खणात जपून ठेवली. दुकानात एवढ्या खोक्यांना जागा नव्हती, तेव्हा विक्रमने माल घरी पाठवला. गार खोलीत आडवा ठेवा, असं बाईंनी तीनदा सांगितलं. विक्रमने तीनदा हो म्हटलं आणि त्या हो म्हणण्याबरोबर गोष्ट विसरला.

जूनमध्ये खोके दुकानात आले ते गवताच्या काड्यांसकट. बाईंनी पहिलं झाकण बघितलं. बूच अर्धं बोट वर सरकलेलं आणि मानेवरून चिकट ओघळ आलेला. दुसरी बाटली तशीच, तिसरी तशीच. पेल्यात ओतली तर कडेला विटकरी रंग. नाक जवळ नेलं आणि त्यांनी पेला खाली ठेवला. जांभूळ नाही, मिरी नाही. शिजून शिजून काळ्या पडलेल्या मुरांब्याचा वास, आणि चवीत नुसती शिळी मनुका.

चौकशी केली तेव्हा दत्तोबा स्वतः दुकानात आले. गळ्यात तुळशीची माळ, दारूला आयुष्यात न शिवलेला माणूस. पण घरात आलेली वस्तू नीट सांभाळावी हा त्यांचा धर्म. वाइन जितकी जुनी तितकी भारी, हे त्यांनी मुलाच्या तोंडून ऐकलं होतं. मग त्यांनी त्यांना कळत होतं ते केलं. कांद्यासाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गवत अंथरलं, बाटल्या खोक्यांतून काढून उभ्या मांडल्या, वर पुन्हा गवत, त्यावर गोणपाट. एप्रिल आणि मे, दोन महिने.

“हापूसची लावतो तशीच आढी लावली बघा, ताई,” ते म्हणाले. “रोज जाऊन हात लावून बघत व्हतो. गरम लागायच्या. म्हनलं पिकायला लागल्या.”

त्यांच्यावर चिडावं तर कसं चिडावं, हे बाईंना समजेना. म्हणून त्यांनी सगळी चीड मुलासाठी राखून ठेवली. विक्रम आला तसा त्याच्यापुढे पेला धरला. त्याने घोट घेतला, ओठ चाटले आणि म्हणाला, मला तर नेहमीसारखीच लागते. बाई म्हणाल्या, तुम्हाला लागणारच, हा माल नापास आहे, कंपनीला कळवा आणि ओतून टाका. विक्रमने समजुतीने विचारलं की ही पिऊन कुणी आजारी पडेल का. पडणार नाही, असं बाईंना कबूल करावं लागलं. मग झालं तर, तो म्हणाला, फेकण्याजोगी नाही, तुम्ही फक्त कार्ड लिहा.

“मी नापास करून राहिली,” बाईंचा आवाज चढला, आणि आवाज चढला की वर्धा बाहेर येई, “अन् तुम्ही मला कार्ड लिहायला सांगून राहिले?”

“मॅडम, खरं ते लिहा ना. मी कुठे खोटं लिहा म्हणतोय?”

बाईंनी खरं ते लिहिलं. खणातली जुनी चिठ्ठी फाडून टाकली आणि नवी केली: शिजलेल्या मुरांब्याचा वास. मनुका आणि करपलेली साखर. आंबटपणा उरलेला नाही. रंग कडेला विटकरी. ज्याला वाइन कळते तो हे वाचून चार हात लांब राहील, अशी त्यांची खात्री होती. पहिल्याच संध्याकाळी नऊ बाटल्या गेल्या. मुरांबा हा शब्द वाचून लोकांच्या तोंडाला पाणी सुटत होतं. एका मुलीने तर आजीकडच्या मुरांब्याची आठवण काढत दोन घेतल्या. बाई काउंटरमागे उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांच्या कानशिलाची शीर उडत होती.

आप्पासाहेब आले, चष्मा वर करून त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

“ही बिघडलेली आहे,” ते म्हणाले.

बाईंनी मान डोलावली.

“मग तसं लिहा की. मुरांबा लोकांना आवडतो. आडून आडून काय सांगताय?”

त्यांनी दुसरीच बाटली उचलली आणि गेले. बाईंना लागलं ते, कारण खरं होतं. दुसऱ्या दिवशी विक्रम एका साइटवर गेला होता. बाईंनी जाड पांढरी कार्डं काढली, काळं मार्कर घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहायला बसल्या. ही वाइन उन्हाने बिघडलेली आहे. घेऊ नये. इथे थांबायला हवं होतं. पण हात रागात होता आणि राग वीस वर्षं सदाशिव पेठेत मुरलेला होता. त्यांनी पुढे लिहिलं: घेतल्यास नंतर तोंड वाकडं करू नये. वाचता येतं त्यांनी तरी ऐकावं. खाली पूर्ण नाव घातलं, तनुजा काळमेघ. अशा दोनशे चिठ्ठ्या त्यांनी दुपारपर्यंत बाटल्यांच्या गळ्यांत बांधल्या आणि कित्येक वर्षांनी मोकळा श्वास घेतला.

संध्याकाळी समोरच्या कंपनीतला अभिनव नावाचा मुलगा मित्रांना घेऊन आला. नागपूरचा, नेहमी बिअर नेणारा. त्याने चिठ्ठी वाचली आणि मोठ्याने हसला. मित्रांना वाचून दाखवली, ते हसले. मोबाइलने फोटो काढला. बाई पुढे झाल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, ही खरोखर खराब आहे, घेऊ नका. त्यावर पोरं जास्तच हसली.

“मॅडम, एक नंबर,” अभिनव म्हणाला. “असली पुणेरी पाटी. सहा द्या.”

तो फोटो रात्रीत ईमेलने हिंजवडीपर्यंत गेला. शनिवारी माणसं मुद्दाम गाडी काढून आली. दारातच विचारू लागली, ती बिघडलेली कुठे ठेवलीय. पेठांतल्या पाट्यांचे किस्से ऐकून आलेल्या, नागपूर-अमरावतीकडच्या त्या पोरांना पुण्याने अखेर त्यांच्याच खर्चाने शिव्या दिल्या होत्या, आणि तो मान त्यांना पार्टीला न्यायचा होता. बाई प्रत्येकाला अडवत होत्या. त्या जितक्या कळवळून सांगत तितके लोक खूश होत. एकजण म्हणाला, या आज्जी काय भारी अॅक्टिंग करतात. बाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. चीड, लाज आणि हसू यांतलं नक्की काय येतंय तेही त्यांना समजेनासं झालं. काहीजण पिऊन परतही आले, तक्रारीला नाही, तर सांगायला, की मॅडम, खरंच भयानक होती हो. असं म्हणून त्यांनी मित्राला द्यायला आणखी एक नेली.

विक्रम तर हवेत होता. त्याने पहिल्यांदा बाईंची चिठ्ठी वाचली, तीही दुसऱ्याच्या मोबाइलवर. सगळ्याच बाटल्यांना अशी कार्डं करा, म्हणाला, चांगल्या वाइनलाही शिव्या घाला. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, तर विक्रमने त्यांचीच चिठ्ठी झेरॉक्स करून परत बांधली. सही त्यांचीच राहिली.

दहाव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, आप्पासाहेब आले. महिना भरलेला नव्हता. त्यांनी कापडी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली, पाऊण भरलेली, गळ्यात चिठ्ठी तशीच. आप्पासाहेब खुर्ची ओढून बसले. रविवारी त्यांची पंचाहत्तरी झाली होती. सासऱ्यांना याच दुकानाच्या चिठ्ठ्या आवडतात, म्हणून सून उत्कर्षा हौसेने ही बाटली घेऊन आली. पाहुण्यांसमोर चिठ्ठीचं वाचन झालं, सगळे पोट धरून हसले. आप्पासाहेब म्हणाले होते, की त्या बाई थट्टा करत नाहीत, त्यांनी लिहिलंय ते खरं असणार. त्यावर लोक आणखी हसले आणि त्यांच्या हातात पहिला पेला दिला. सुनेचं मन मोडू नये म्हणून त्यांनी तो संपवला.

“तुमच्याबद्दल तक्रार नाही,” ते म्हणाले. “तुम्ही लिहिलं होतं खरं.”

बाई बेसिनची कड धरून उभ्या राहिल्या. तेच वाक्य. मॅनेजरने चहा ढवळत म्हटलेलं, आता एका भल्या माणसाने मनापासून म्हटलेलं, आणि दोन्ही वेळा माल दाराबाहेर गेलेला. कारखान्यातही त्यांनी लिहिलंच होतं. नापास लिहायचं, सही करायची, पर्स उचलायची आणि साडेपाचची बस पकडायची. ओरडायचं, चिडायचं, घरी जाऊन नवऱ्याला ऐकवायचं. पण पंधरा वर्षांत एकदाही त्यांनी पातेलं उचलून मोरीत रिकामं केलं नव्हतं. चीड आली ती या वेळी स्वतःचीच आली.

चाळीस खोक्यांतले दोन उरले होते. बाईंनी ते टेबलापाशी ओढत आणले, बुचं काढायचा स्क्रू घेतला आणि पहिली बाटली उघडली. बाटली बेसिनवर उलटी धरली. मग दुसरी. तिसऱ्या बाटलीला विक्रम आतून धावत आला. मॅडम, हे काय चाललंय, त्याने विचारलं. बाईंनी हात थांबवला नाही.

“हा माल नापास आहे,” त्या म्हणाल्या.

“अहो, लोकांना हवीये ती. लोक मागून नेताहेत.”

“असू दे हवी. देणार नाही.”

विक्रमने त्यांच्या हातातली बाटली धरली. बाईंनी सोडली नाही. दारात उभ्या असलेल्या दोन मुलींनी हा नवा खेळ समजून मोबाइल वर केले. विक्रमने इकडे तिकडे बघितलं आणि बाटली सोडून दिली. उद्यापासून यायची गरज नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. बाईंनी मान डोलावली आणि चौथं बूच काढायला घेतलं. ते मधेच तुटलं.

आप्पासाहेब खुर्चीवरून उठले. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, स्वतःची पाऊण बाटली आधी बेसिनमध्ये ओतली आणि मग खोक्यात वाकून बघितलं.

“दुसरा स्क्रू आहे का?” त्यांनी विचारलं. “बऱ्याच आहेत.”

खणात होता. दोघं तासभर उभे होते. बेसिन तुंबलं तेव्हा मथुराबाईंनी निळी बादली पुढे केली आणि ती भरली की मोरीत ओतायला लागल्या. दुकानभर मुरांब्याचा वास भरला. चारशे छप्पन्न बाटल्या गेल्या त्या गेल्याच, त्या कुठे कुठे कुणी हसत प्यायल्या असतील त्याला इलाज नव्हता. तनुजाबाईंनी नापास केलेल्या चोवीस बाटल्या मात्र त्या दिवशी दाराबाहेर गेल्या नाहीत.